तीट स्थिर आहे

नऊ महिन्यांच्या मुलीला गोवराची लस द्यायची, एवढंच काम होतं. पूर्वी बाई गॅसवरून कुकर उतरवून बाळाला टोचून आणायला जायची आणि ती परत येईपर्यंत कुकरची वाफ जेमतेम जिरलेली असायची, असं माझी आई सांगते. मला या कामाला महिना लागला. त्या महिन्यात एक मैत्री मोडली, नवऱ्याने कंपनीतून व्हर्नियर कॅलिपर घरी आणलं, आणि सासूबाईंच्या काजळाला ड्रॉइंग नंबर मिळाला.

चूक म्हणाल तर आमची एकच झाली. आम्ही आरोहीचं नाव गंगापूर रोडवरच्या 'शिशुतेज स्मार्ट चिल्ड्रन्स हॉस्पिटल'मध्ये घातलं. 'घातलं' अशासाठी म्हणते, की तिथे बाळाला शाळेसारखा प्रवेशच मिळतो. डॉक्टर बाळाकडे नंतर बघतात, आधी धन्वी बघते. धन्वी म्हणजे त्यांची कृत्रिम बुद्धिमत्ता. रोज सकाळी बाळाचा एक फोटो काढून ॲपवर टाकायचा. धन्वी तो कालच्या फोटोशी ताडून बघते आणि सगळं ठीक असेल तर हिरवा ठिपका देते. 'आईच्या नजरेतून निसटतं, ते धन्वीच्या नजरेतून निसटत नाही,' अशी त्यांची जाहिरात आहे. हे वाचल्यावर माझ्यासारख्या बाईला झोप लागेल का? मी झोपलेल्या मुलीच्या नाकापुढे बोट धरून श्वास तपासते, आणि तो लागला की जरा जास्तच गरम नाही ना, म्हणून स्वतःच्या श्वासाशी ताडून बघते. हिरव्या ठिपक्याचं मला व्यसन लागलं. सकाळचा चहा मी तो ठिपका आल्याशिवाय घेत नसे.

इकडे आमच्या घरात ठिपक्यांचं आणखी एक खातं होतं, ते सासूबाईंकडे. त्यांनाही मी आईच म्हणते. त्या मूळच्या नामपूरच्या. एरवी आमच्यासारखं बोलतात, पण राग आला किंवा रंगात आल्या की अहिराणीवर जातात. आरोही झाल्यापासून त्या आमच्याकडेच आहेत. तिला आंघोळ घातली की एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं घरचं काजळ बोटावर घेऊन गालावर तीट लावायची, हे त्यांचं काम. माझा तिटेला तात्त्विक विरोध होता. कॉलेजात असताना अंधश्रद्धेवर निबंध लिहून मी बक्षीस मिळवलेलं आहे. पण डोळ्यांत काजळ घालायचं नाही, यावर त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून राजी झाल्या होत्या, तेव्हा गाल मी त्यांना तहात देऊन टाकला.

तर एका सकाळी हिरव्याऐवजी लाल ठिपका आला. खाली लिहिलं होतं : "आपल्या पाल्याच्या डाव्या गालावर गडद रंगाचा, अनियमित कडांचा डाग आढळला आहे. डागाचे स्थान बदलत आहे. आकार बदलत आहे. जोखीम : उच्च. कृपया घाबरू नका."

'कृपया घाबरू नका' वाचून न घाबरलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. मी चहा तसाच टाकून पाळण्याकडे धावले. आरोही पायाचा अंगठा चोखत होती. गालावर तीट. माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी खो खो हसले. नवऱ्याला, शेखरला, उठवून दाखवलं, तोही हसला. मग मी तीट पुसली. पुसल्यावर, खोटं कशाला बोलू, मोबाइलचा टॉर्च लावून तो गाल बराच वेळ बघितला. तिटेच्या खाली खरंच काही असलं तर?

"रोहिणी, गाल आहे तो. खाणीत उतरल्यासारखी काय बघतेस?" शेखर म्हणाला.

मी धन्वीला लिहिलं : "तो डाग नाही. तीट आहे. काजळाची."

"काजळ डोळ्यांत असते. आढळलेला डाग गालावर आहे."

"डोळ्यांत आम्ही घालत नाही. गालावर लावतो."

"कोणत्या आजारासाठी?"

"आजारासाठी नाही. लोकांची नजर लागू नये म्हणून."

"समजले. हे औषध आपण कोणत्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने देत आहात?"

"सासूबाईंच्या."

"त्यांचा नोंदणी क्रमांक लिहावा."

मी फोन पालथा ठेवला.

आमच्या सोसायटीत कोणाच्या घरी दूध उतू गेलं तरी सल्ला द्यायला खालच्या मजल्यावरचे यादवकाका येतात. वीज कंपनीतून निवृत्त झाले, पण अधिकार निवृत्त झालेला नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो लाल ठिपका वाचला आणि खुर्चीत मागे रेलले.

"सूनबाई, यंत्राशी वाद घालायचा नाही. उभी हयात मी मीटरच्या तक्रारी ऐकल्यात. लोक रडत यायचे, साहेब मीटर पळतंय. आम्ही काय करायचो? मीटर बरोबर धरायचो. माणूस चुकलेला परवडतो, मीटर चुकलेलं परवडत नाही."

"मग मी काय करू, काका?"

"डागच काढून टाका. उद्या बिनतिटेचा फोटो टाका. डाग नाही तर वादही नाही. हाय काय नि नाय काय!"

सल्ला सोपा होता, त्यामुळे मला तो शहाणपणाचा वाटला. मी आईंना म्हटलं, चार दिवस तीट बंद. त्यांनी काजळाची डबी बंद केली, तोंडही बंद केलं, आणि आरोहीला मांडीवर घेऊन भिंतीकडे वळून बसल्या. भिंतीलाच ऐकवलं, "ती मशीन शे का बाई शे? रोज पोरनं तोंड देखस नि रोज खोट काढस."

दुसऱ्या दिवशी मी स्वच्छ गालाचा फोटो टाकला. धन्वीने एरवीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग लिहिलं : "डाग अकस्मात नाहीसा झाला आहे. शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात केली? कागदपत्रे जोडावीत. पालकांकडून माहिती दडवली जात असल्याची शक्यता नोंदवली आहे. तपासणी पूर्ण होईपर्यंत लसीकरणाची वेळ रद्द करण्यात येत आहे."

इथे माझं हसू संपलं.

आधी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. घराजवळ दवाखाना, भिंतीवर ससे, सगळं छान. त्यांनी आरोहीचा आरोग्य नंबर संगणकात टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवला. लाल. "ताई, हे आधी मिटवून या. उद्या काही झालं तर म्हणतील, लाल दिसत असताना टोचलंच कसं?" आणखी दोघांकडे गेले. जिथे जावं तिथे नंबर विचारायचे आणि नंबर टाकला की तोच लाल ठिपका. मुलीला अजून 'आई' म्हणता येत नव्हतं, आणि तिची कीर्ती तिच्याआधी पोचत होती. त्यातच सोसायटीच्या ग्रुपवर बातमी आली, पलीकडच्या इमारतीत दोन मुलांना गोवर निघालाय. त्या दिवसापासून आरोहीला साधी शिंक आली तरी मी तिचे कपडे उतरवून पुरळ शोधायचे. धन्वीसुद्धा एवढी तपासत नसेल.

शेवटी आईंना आणि आरोहीला घेऊन हॉस्पिटलात धडकायचं ठरवलं. शेखरची पहिली पाळी होती. शेजारची सुवर्णा म्हणाली, "अगं, मी सोडते गाडीने. एकटी कुठे जातेस?" सुवर्णाचा मुलगा आरोहीपेक्षा वर्षाने मोठा आहे, त्यामुळे ती मातृत्वात मला सीनियर आहे आणि तसं ती दिसू देते. पण माणूस मदतीचं. ती आमच्याबरोबर आतपर्यंत आली. तेवढं तिने करायला नको होतं.

मदत-कक्षात सविता नावाची मुलगी बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मोबाइलमधले फोटो बघितले आणि आवाज खाली आणला. "मॅडम, मला दिसतंय हो तीट आहे ते. माझ्या पोराला मी रोज लावून येते. पण इथे तीट नाहीये ना." तिने मला यादी दाखवली : तीळ, चामखीळ, जन्मखूण, भाजल्याचा व्रण, इतर.

"मग 'इतर' टाका."

"'इतर' टाकलं की ते बेंगळुरूला, धन्वीच्या कंपनीकडे जातं."

"जाऊ दे की."

"गेलेलं अजून एकही परत आलेलं नाही, मॅडम."

मग डॉक्टर देवरे. भला माणूस. गळ्यात स्टेथोस्कोप होता, पण तो मफलरसारखा, सवयीने. त्यांनी आरोहीकडे एकदा बघितलं आणि पडद्याकडे बराच वेळ. पडद्यावर डागाचा आलेख होता. कुठे सपाट, कुठे डोंगर.

"हे बघा, ही चढण काही समजत नाही. डाग महिनाभर लहान, मग एकदम मोठा, मग परत लहान. या तारखांना घरात काही वेगळं घडलं होतं का? औषध, प्रवास, ताप?"

मी नकारार्थी मान हलवणार, तेवढ्यात आई खुर्चीत पुढे सरकल्या. आयुष्यात प्रथमच कोणा डॉक्टरने त्यांना त्यांच्या विषयातला प्रश्न विचारला होता.

"पोरीला नजर लागायचा जसा धोका, तशी तीट. मी काय येडी शे का रोज सारखी लावायला? ही पहिली टेकडी हाय ना, त्या दिवशी शेखरच्या कंपनीतल्या बाया आल्या होत्या. लय खाऊन गेल्या, लय कौतुक करून गेल्या. ही दुसरी, भाचीच्या साखरपुड्याची."

"आणि हे शिखर? हे सगळ्यात मोठं आहे," डॉक्टरांनी बोट ठेवलं.

मी आईंचा पदर ओढला. आरोहीला चिमटा काढून रडवावं, असंही एक क्षण मनात आलं. पण आई आता थांबणार नव्हत्या. त्यांनी मान वळवून सुवर्णाकडे बघितलं, अगदी निर्मळ, वैज्ञानिक नजरेने.

"त्या दिन ही उनी व्हती. 'काय गोरी, काय गोरी' करी ऱ्हायनी व्हती."

सुवर्णाला अहिराणी येत नाही, पण आलेख वाचता येतो. ती कॉमर्सची आहे. तिने ते शिखर बघितलं, त्याखालची तारीख बघितली, पर्स उचलली आणि म्हणाली, "रोहिणी, मला जरा काम आठवलं." आम्ही परत रिक्षाने आलो. आमच्या मजल्यावर आता ती माझ्याशी फक्त पाण्याच्या टँकरबद्दल बोलते.

पण या आलेखापुरता मी धन्वीला मान देते. मुलीच्या गालाबद्दल तिला काही कळलं नव्हतं, तरी कुणाबद्दल सासूबाईंचं काय मत आहे, हे तिने मिलिमीटरमध्ये काढून दाखवलं होतं. लग्नाला चार वर्षं होऊनही मला ते जमलेलं नाही.

"डॉक्टर, तुम्ही स्वतः बघताय. गाल स्वच्छ आहे. तेवढंच लिहून द्या ना," मी काकुळतीला आले.

डॉक्टरांनी दाराकडे बघितलं. "लिहितो. पण मी तसं लिहिलं की ती धन्वीशी असहमती ठरते. असहमती जास्त झाली की आम्हाला सुधारणा-वर्गाला पाठवतात. मागच्या महिन्यात जाऊन आलो. चार तज्ज्ञ होतो, मिळून शतकभराचा अनुभव. आम्हाला पडद्यावर पुरळ दाखवून विचारत होते, हे काय आहे."

"मग हिला लस मिळायचीच नाही?"

"मिळेल. धन्वीला बदल खपत नाही. डाग एका जागी, एका मापाचा राहिला, तर काही दिवसांनी ती स्वतःच फाईल हिरवी करते." ते खुर्चीतून उठले. "म्हणजे काय करायचं, ते मी सांगितलेलं नाही."

त्या संध्याकाळी आमच्या घरात तीट कार्यक्रमाची अधिकृत घोषणा झाली. शेखर सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आजवर त्याच्या शिक्षणाचा घराला उपयोग म्हणजे पोळी गोल नाही हे सांगण्यापुरता. आता त्याचे डोळे चमकले. त्याने जुन्या फोटोंवरून डागाची सरासरी जागा काढली, प्लॅस्टिकच्या फाईल-कव्हरला भोक पाडून साचा बनवला, तो कानाच्या पाळीला आणि ओठाच्या कोपऱ्याला टेकवून कसा धरायचा हे कागदावर आखलं, त्या ड्रॉइंगला कारखान्यातल्यासारखा नंबर दिला, आणि कॅलिपर आणून रोज तिटेचा व्यास घेऊ लागला. आरोहीला यात भलतीच मजा वाटायची. साचा गालावर ठेवला की ती तो खायला बघायची.

आईंना मात्र हा अपमान वाटला. "तीट शे का छापा शे? रोज एकच जागावर लावी तं नजरले बी ठाऊक पडी जाई."

शेखर साचा पुसत राहिला. क्वालिटी विभागात नजरेचा विचार करत नाहीत. अखेर मी मध्यस्थी केली : गालावरची तीट सरकारी, साच्यातली. आणि फोटोत येत नाही अशी दुसरी, कानामागे, आईंच्या मर्जीतली. कुणी काय कौतुक केलं त्यावर लहान-मोठी. एक यंत्रासाठी, एक माणसांसाठी. निबंधाचं बक्षीस म्हणून मिळालेला पेला शोकेसमध्ये होता, तो मी तेवढा आतल्या बाजूला सरकवून ठेवला.

आणि एका सकाळी हिरवा ठिपका आला! "डाग स्थिर आहे. निष्कर्ष : जन्मखूण. पालकांच्या दुर्लक्षामुळे जन्माच्या वेळी नोंद राहून गेली होती, ती आता कायमस्वरूपी करण्यात आली आहे. लसीकरणाची वेळ आपोआप निश्चित झाली आहे." 'दुर्लक्षामुळे' हा शब्द मी तीनदा वाचला. गिळला. लस मिळत होती.

ठरल्या दिवशी आम्ही आरोहीला छान नटवलं. यंत्राची पीडा टळली, म्हणून मी तिचं तोंड साबणाने लख्ख धुतलं, गालाला क्रीम लावलं. आईंनी कानामागचं काम उरकलं. आणि आम्ही शिशुतेजच्या दारातल्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिलो. तिथे बाळाचा चेहरा दाखवला की काचेचं दार उघडतं.

दार उघडलं नाही. धन्वी मोठ्याने, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणाली, "ओळख पटली नाही. कायमस्वरूपी खूण आढळली नाही. सोबतच्या व्यक्तींनी आणलेले बाळ वेगळे असण्याची शक्यता आहे. कृपया सुरक्षारक्षकांनी लक्ष द्यावे."

रक्षकाने लक्ष दिलं. तो उठून आमच्या आणि रस्त्याच्या मध्ये येऊन उभा राहिला. "बाळ कुणाचं आहे, मॅडम?"

"माझं!"

"आधार कार्ड बाळाचं?"

रांगेतल्या बायांनी आपापली मुलं उराशी धरली. मी नऊ महिने पोटात आणि दहा महिने डोळ्यांत तेल घालून सांभाळलेली माझी मुलगी, आणि मला आईपण सिद्ध करायला सांगत होतं कोण, तर एक काचेचं दार. लस चार पावलांवर होती.

मग माझा हात आपोआप वर गेला. त्या दिवशी मी डोळ्यांत काजळ घातलं होतं, कारण लसीचे फोटो स्टेटसवर टाकायचे होते. करंगळी उजव्या डोळ्याच्या कडेने फिरवली, आरोहीचा गाल धरला, मनात कानाची पाळी आणि ओठाचा कोपरा जोडला, आणि साचा नसताना तीट लावली.

"विकतचं शे," आई शेजारून पुटपुटल्या. "नजरले नही चालस."

"यंत्राला चालेल, आई."

"स्वागत आहे, आरोही," धन्वी म्हणाली आणि दार उघडलं. रक्षकाने सलाम केला. मला नाही, बाळाला.

मागून कुणीतरी माझ्या दंडाला हात लावला. रांगेतली एक मुलगी, माझ्याच वयाची, कडेवर लख्ख तोंडाचं बाळ. तिने इकडे तिकडे बघून हळूच विचारलं, "ताई, थोडं काजळ मिळेल? आमचं कपाळावर असतं." मी डावा डोळा तिच्यापुढे केला.

आत नर्सने सुई टोचली. आरोहीने आधी आश्चर्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग असा टाहो फोडला की मला गहिवरूनच आलं. झाली एकदाची लस! डोळ्यांतून टपोरी आसवं निघाली, ओघळत डाव्या गालावर आली आणि तिटेच्या अगदी काठाशी पोचली. नर्स मायाळू होती. तिने चटकन कापसाचा बोळा घेतला. "अगं माझं बाळ ते! थांब हं, पुसते."

"नको!" आम्ही सासू-सुना एकदम ओरडलो. बाहेर पडायच्या दारावरही कॅमेरा होता.